स्थापना 1574, पण इमारत कधीची?

माझा विषय काय असं कुणी विचारलं, की मी म्हणतो, "महाराष्ट्रातल्या कॅथलिक चर्चच्या इमारती." त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे गोवा का?" आणि मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे हे कळलं की दुसरा, "मग तुमच्याकडे काय आहे पाहण्यासारखं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडं फिरून यावं लागतं. वसई, गोवा, पुणे, मुंबई आणि मग यवतमाळ, असा वळसा आहे. चालेल ना?

सुरुवात एका पाटीपासून करू. जुन्या चर्चच्या दारावर किंवा फाटकावर एक साल लिहिलेलं असतं. वसई तालुक्यात फिरलात तर सांडोरला 1566, नंदाखालला 1573, पापडीला 1574, माणिकपूरला 1606 अशी सालं भेटतात. आपण ते साल वाचतो, मान वर करून इमारतीकडे बघतो आणि म्हणतो, "बापरे, साडेचारशे वर्षांची इमारत!" घोळ इथेच होतो. ते साल इमारतीचं नसतं, धर्मग्रामाचं असतं. धर्मग्राम म्हणजे ज्याला इंग्रजीत पॅरिश म्हणतात ते: एक चर्च, एक प्रमुख धर्मगुरू आणि त्या हद्दीत राहणारी ख्रिस्ती कुटुंबं. धर्मग्राम एकदा स्थापन झाला की तो चालूच राहतो. छप्पर बदलतं, भिंती पडतात, मांडव पाडून दगडी होतं, दगडी पाडून सिमेंटचं होतं, पण पाटीवरचं साल तेच. ग्रामपंचायतीची इमारत नवी झाली म्हणून गाव नवं होत नाही, तसंच हे.

म्हणून मी प्रत्येक चर्चसाठी वहीत तीन सालं वेगळी लिहितो. धर्मग्राम कधीचा, आजच्या भिंती कधीच्या, आणि आतली मांडणी कधीची. ही तीन सालं जवळजवळ कधीच जुळत नाहीत. माझ्या मते चर्चचा वारसा त्या न जुळण्यातच असतो. आपण कुठलंही जुनं दगडी देऊळ दिसलं की "हेमाडपंती" म्हणून मोकळे होतो ना, तसंच चर्च दिसलं की "पोर्तुगीज" नाहीतर "गॉथिक" म्हणून मोकळे होतो. एकच शिक्का मारला की इमारतीत साचलेले बाकीचे थर दिसेनासे होतात.

वसईच्या किल्ल्यात हे फार चांगलं शिकता येतं. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं तिथे त्यांचं शहर वसलं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाने तटाच्या आत आपलं चर्च आणि मठ उभारला. शिवाय शहराचं मुख्य चर्च होतं, संत जोसेफचं. हे सोळाव्या शतकाच्या मध्याला बांधायला घेतलेलं. पण तिथल्या शिलालेखात साल आहे 1601, आणि त्यात ते चर्च पुन्हा बांधल्याची नोंद आहे. म्हणजे आपण ज्याला "मूळ पोर्तुगीज" म्हणतो ते पोर्तुगीजांच्या काळातच एकदा बदलून झालेलं होतं.

आता दर्शनी भिंत वाचायची कशी ते सांगतो. जेझुइटांच्या चर्चसमोर उभं राहा. दर्शनी भिंत सपाट आहे आणि मजल्यांमध्ये विभागलेली आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना खांब आहेत, ते रोमन पद्धतीचे. वरच्या टोकाला येशूच्या नावाची आद्याक्षरं, जी या संघाची खूण. या शैलीचं नाव मॅनरिझम. गोव्यात ज्याला सरसकट "बरोक" म्हणतात त्यातलं पुष्कळसं बाहेरून मॅनरिस्टच असतं. बरोकचा झगमगाट आत असतो, वेदीच्या मागच्या लाकडी पडद्यावर. तो मजलेच्या मजले कोरलेला, वर सोन्याचा मुलामा, मध्ये संतांच्या मूर्ती. बाहेर शिस्त आणि आत दिवाळी, असं लक्षात ठेवा. बाहेरच्या शिस्तीला व्यवहारी कारणही आहे. युरोपातून छापील नमुन्यांची पुस्तकं यायची, नकाशा पाद्री किंवा किल्ले बांधणारे अभियंते काढायचे आणि प्रत्यक्ष काम इथले गवंडी आणि पाथरवट करायचे. सरळ रेषा, खांब आणि कमान हे नमुन्यावरून नीट उतरतं. नक्षी जिथे सुटते तिथे मात्र इथलाच हात दिसायला लागतो. कमळासारखं फूल, आपल्या देवळातल्यासारखी वेल. मला स्वतःला ही जागा शोधायला सगळ्यात जास्त आवडतं.

दगडाची गोष्ट तर सांगायलाच हवी. जुन्या गोव्यातली बॉम जेझूची बॅसिलिका, जिथे संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, ती 1594 मध्ये सुरू झाली आणि 1605 मध्ये तिचं अर्पण झालं. तिच्या भिंती गोव्याच्या जांभ्या दगडाच्या. पण जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून दर्शनी भागातल्या नक्षीकामासाठी काळा बसाल्ट आणला तो वसईहून, समुद्रमार्गे. म्हणजे गोव्याच्या सगळ्यात प्रसिद्ध चर्चच्या तोंडावर महाराष्ट्राचा दगड आहे. "म्हणजे गोवा का?" विचारणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

त्याच बॅसिलिकेची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आज ती लाल दिसते. पोस्टकार्डावर, कॅलेंडरवर, सगळीकडे लालच. पण ती बांधली गेली तेव्हा तिच्यावर चुन्याचा पांढरा गिलावा होता, जसा गोव्यातल्या बाकीच्या चर्चवर आजही आहे. 1950च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो उतरवला. "जुनं" म्हणजे उघडा दगड, अशी तेव्हाची समजूत. आता जांभा हा सच्छिद्र आणि मऊ दगड. गोव्यात वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. गिलावा हा त्या दगडाचा रेनकोट होता. तो काढल्यापासून दगड झिजतोय, आणि पुन्हा गिलावा करा असं जाणकार सांगतात तेव्हा लोक म्हणतात, "छे, आमची बॅसिलिका लालच पाहिजे." लोकांचं चूक म्हणवत नाही. दोन-तीन पिढ्यांनी तिला लालच पाहिलंय. पण जो रंग वारसा म्हणून जपायचाय तो जेमतेम सत्तर वर्षांचा आहे आणि त्यासाठी सव्वाचारशे वर्षांची भिंत पणाला लागलीय.

पुन्हा वसईत येऊ. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ल्यातली चर्च ओस पडली, बहुतेकांची छपरं गेली. कित्येक घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा पोर्तुगीज घडणीची आहे, तिच्यावर 1721 साल आहे. वाईजवळच्या मेणवलीतही अशीच एक आहे. या घंटा बघायला मी मुद्दाम गेलो, कारण चर्चच्या वारशाचा एक भाग आज देवळांमध्ये रोज वाजतोय, आणि तिथे तो किल्ल्यापेक्षा जास्त सुखरूप आहे.

किल्ला ओस पडला तरी किल्ल्याबाहेरचे धर्मग्राम मात्र संपले नाहीत. गोरे पाद्री गेले, पण स्थानिक धर्मगुरूंनी ते चालवले. पापडी, सांडोर, नंदाखाल इथली सालं आजही पाटीवर आहेत ती याच सलगपणामुळे. 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही झाला. मराठे आणि चर्च म्हटलं की लोकांना फक्त 1739 आठवतं. त्यांच्यासाठी पुण्याचा दाखला: सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी पुण्यात चर्चला जागा दिली आणि 25 डिसेंबर 1792ला तिथे पहिली मिस्सा झाली. वसईनंतर अवघ्या 53 वर्षांनी. तेच आजचं नाना पेठेजवळचं सिटी चर्च. तिथेही पाटीवरचं साल 1792 आणि आजची इमारत 1852ची, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरची.

मुंबईत तर सालांचे थर आणखी भराभर बदलतात. माहीमचं संत मायकल चर्च मुंबईतल्या सगळ्यात जुन्या चर्चपैकी एक, पण आजची इमारत 1970च्या दशकातली. बांद्र्याचं माउंट मेरी 1904चं, टोकदार कमानींचं, आणि त्याचे वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय, एक पारशी गृहस्थ. टोकदार कमान म्हणजे ख्रिस्ती वास्तुकला ही समजूतच मुळात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची. प्युजिन नावाच्या वास्तुविशारदाने 1830-40च्या दशकांत ती हिरिरीने मांडली. खांब नि त्रिकोणी माथे हे मूर्तिपूजक रोमचं, खरं ख्रिस्ती ते गॉथिक, असा त्याचा दावा होता. गंमत बघा, वसईच्या जेझुइटांनी जे रोमन खांब अभिमानाने लावले ते त्याच्या हिशेबात ख्रिस्तीच नव्हते! साम्राज्याबरोबर ही कल्पना जगभर गेली आणि भारतात स्टेशन, कोर्ट, कॉलेज, चर्च सगळं टोकदार झालं.

मग दादर. पोर्तुगीज चर्च हा बसस्टॉप मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे उतरून "पोर्तुगीज" काही शोधाल तर सापडणार नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सिस्कनांनी स्थापलेल्या या धर्मग्रामाची आजची इमारत चार्ल्स कोरियांची आहे, 1974 ते 1977 मधली. उंच लांबट सभागृह, समोर वेदी, हा नेहमीचा नकाशा त्यांनी सोडून दिला. एकमेकांत मिसळणाऱ्या जागा, काही छपराखाली, काही उघड्या आभाळाखाली. वर काँक्रीटची उंच निमुळती कवचं, ज्यांतून गरम हवा धुराड्यातून निघावी तशी वर निघून जाते. काही लोकांना ते चर्च वाटतच नाही. मला विचाराल तर अंगण, ओसरी आणि माजघर असलेल्या आपल्या घराशी त्याचं नातं कुठल्याही टोकदार कमानीपेक्षा जवळचं आहे. जुनं पाडलं याची हळहळ मलाही वाटते. पण पाडून काय बांधलं, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, आणि दादरला त्याचं उत्तर चांगलं आलं. सगळीकडे तसं येत नाही.

तिसरं साल, म्हणजे आतल्या मांडणीचं, ते बहुतेक ठिकाणी 1960च्या दशकानंतरचं असतं. 1962 ते 1965 दरम्यान रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, म्हणजे लोकांसोबत एकाच दिशेला तोंड करून, वेदीसमोर उभे राहायचे. वेदी मागच्या भिंतीला टेकलेली असायची. परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. एवढ्या एका बदलाने आतली सगळी जागा फिरली. भिंतीपासून सुटी अशी नवी वेदी पुढे आली, जुनी मागे शोभेला उरली किंवा निघून गेली. वेदीसमोरचा कठडा, जिथे गुडघे टेकून लोक प्रसाद घ्यायचे, तो कित्येक ठिकाणी काढला गेला. कुठल्याही जुन्या चर्चमध्ये गेलात तर वेदीच्या पायऱ्यांजवळची फरशी बघा. कठड्याच्या खांबांची भोकं बुजवल्याच्या खुणा कधी कधी अजून दिसतात. तो रेषेसारखा डाग म्हणजे एका जागतिक परिषदेचा ठराव आहे.

आता यवतमाळ. पोर्तुगीज इकडे कधी आलेच नाहीत, त्यामुळे सोळाव्या शतकातली दर्शनी भिंत शोधू नका. हा सगळा वऱ्हाडचा मुलूख, आपला जिल्हा 1905 पर्यंत वणीच्या नावाने ओळखला जायचा. विदर्भात कॅथलिक धर्मप्रसाराचं काम एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने फ्रेंच बोलणाऱ्या सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाच्या पाद्र्यांनी केलं. नागपूरचा धर्मप्रांत 1887चा. त्यातून 1955 मध्ये अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि यवतमाळ जिल्हा त्यात आला. सालं नीट बघा. वसईचे धर्मग्राम सोळाव्या शतकातले आणि आपला धर्मप्रांत स्वातंत्र्यानंतरचा. म्हणजे व्हॅटिकन परिषदेच्या आधी जेमतेम सात वर्षं. वसईतल्या चर्चना जुनी मांडणी मोडून नवी करावी लागली. आपल्याकडे परिषदेनंतर जे चर्च बांधलं गेलं ते पहिल्यापासूनच लोकांकडे तोंड करून बांधता आलं.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण गावाकडे हा घोटाळा नेहमी होतो. यवतमाळ शहरात लोकांना "चर्च" म्हणून जे आठवतं ते पुष्कळदा प्रोटेस्टंट असतं. अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशनचं काम इथे जुनं आहे, आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत यवतमाळातच होती. कॅथलिक चर्च आत शिरल्यावर ओळखता येतं. मारियेची मूर्ती असते. बाजूच्या भिंतींवर येशूच्या क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं किंवा फलक असतात. वेदीजवळ पवित्र भाकरी ठेवायची छोटी कुलपाची पेटी असते आणि तिच्याजवळ अखंड दिवा. चौदा फलक मोजले की खात्री झाली समजा.

आपल्याकडची इमारत वाचताना शैलीच्या नावांपेक्षा साहित्य जास्त बोलतं. भिंत मातीच्या जोडणीची, चुन्याची की सिमेंटची? छप्पर कौलांचं, टिनाचं की स्लॅबचं? पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टिनाखाली दुपारची मिस्सा कशी होत असेल, तिथे नंतर फॉल्स सीलिंग कधी लागलं, खिडक्यांच्या जागी सिमेंटची जाळी का आली, हे सगळं लिहून ठेवण्यासारखं आहे. साध्या हॉलसारख्या इमारतीला पुढे एक टोकदार कमान चिकटवलेली दिसली तर हसू नका. बांधणाऱ्यांना "हे चर्च आहे" एवढंच लांबून कळायला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी एकच कमान परवडत होती.

या इमारतींना कुणी वारसा म्हणत नाही, हीच माझी काळजी आहे. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, जुन्या गोव्यातली चर्च 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, मुंबईला 1995 पासून वारसा नियमावली आहे. जिल्ह्याच्या गावातल्या साठ-सत्तर वर्षांच्या कौलारू चर्चला यातलं काहीच लागू होत नाही. कुटुंबं वाढतात, नाताळला लोक बाहेर मांडवात बसतात, छप्पर गळतं, मग "नवीन मोठं बांधू" असं ठरतं. त्यांना अडवणारा मी कोण? चर्च हे आधी प्रार्थनेसाठी असतं, माझ्या प्रबंधासाठी नसतं. पण पाडण्याआधी एक दिवस मिळाला तर काय करता येईल हे मी सांगू शकतो.

आधी चारही बाजूंनी आणि आतून फोटो, प्रत्येक फोटोत माप कळावं म्हणून एक माणूस उभा. मग टेपने लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, खिडक्यांची उंची, आणि कच्चा नकाशा, हाताने काढलेला चालेल. कोनशिला असेल तर ती कुठल्या भिंतीत, किती उंचीवर होती ते लिहायचं, कारण नंतर ती नव्या भिंतीत बसवली जाते आणि जुनं साल नव्या इमारतीचं होऊन बसतं. बांधकामाचा हिशोब, वर्गणीची वही, गवंड्यांची नावं कुणाच्या कपाटात असतील तर त्यांचे फोटो. आणि धर्मग्रामाच्या नोंदवह्या: बाप्तिस्मा, लग्न, दफन. भिंती कितीही वेळा बदलल्या तरी या वह्या सलग असतात. कुठल्या गावातून कुठलं कुटुंब कधी आलं, साथीच्या वर्षी किती दफनं झाली, हे त्यांत असतं. त्या खाजगी असतात, म्हणून मुख्य धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. पण त्या वाळवीपासून सुरक्षित आहेत का, एवढं तरी विचारता येतं.

शेवटी कौलं. ती उतरवताना दोन-चार बाजूला काढून ठेवा आणि उलटी करून बघा. मागे कारखान्याचा शिक्का असतो, त्यावरून माल कुठून आला ते कळतं. फक्त शिक्क्यात साल दिसलं तर लगेच उड्या मारू नका. मंगलोरी कौलांवर "1865" असं भेटू शकतं. बासेल मिशनचा मंगलोरचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला, म्हणून ते साल त्याच्या छापात आलं. कौल भाजलं त्या वर्षाचा त्याच्याशी काही संबंध नाही.